पाणी सोडणारं मांस

१

साचा उलटा केला, झाकण उचललं, आणि हॅमच्या आधी पाणी बाहेर आलं. टेबलावरून ओघळत ते मालकांच्या पांढऱ्या गमबुटांवर पडलं. मागून हॅम निघालं, फिकट आणि लिबलिबीत. मालकांनी सुरी लावली तर काप निघायच्या ऐवजी लगदा हाताला लागला.

"बघा बाई," मालक म्हणाले, "तुमच्या भावाची कर्तबगारी."

धाकटीने बघितलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण चिडावं कोणावर हेच कळेना, म्हणून ती नुसती चष्मा पुसत राहिली.

धाकटी म्हणजे वयाने काही धाकटी नव्हे. तिच्या डोक्यावर काळा केस शोधावा लागे. कॉलेजात स्नायूंचं रसायनशास्त्र शिकवण्यात तिची हयात गेली होती, आणि पेपर तपासताना ती अजूनही हातातलं पेन टेबलावर आपटायची. पण घरात एकदा धाकटी ती कायमची धाकटी. आदल्याच दिवशी वहिनीचा फोन आला होता. "तुझा दादा दोन घास खाऊन उठतो. विचारलं की म्हणतो भूक नाही. कारखान्यात त्याला पाणीघाल्या म्हणतात गं! तू ये, आणि तुझं ते शास्त्र पण घेऊन ये."

दादाचं काम मिठवणीचं. डुकराची मांडी रात्रभर थंड झाली की दुसऱ्या दिवशी सुयांच्या यंत्राने तिच्यात मिठवणी, म्हणजे मिठाचं पाणी, भरायची. मग साच्यात दाबून शिजवायची, की झालं हॅम. मिठवणी किती भरायची ते दादा ठरवायचा. जास्त भरली तर कच्च्या मालाचं वजन फुगतं, पण शिजताना ती सगळी बाहेर पळते. गेले काही महिने हॅम अशी पाणी सोडत होती, गिऱ्हाइकं खोकीच्या खोकी परत पाठवत होती, आणि बोट दाखवायला दादा सगळ्यात सोपा होता.

"रोजचंच झालंय हे," मालक म्हणाले. "पण सगळी बिघडत नाहीत. काही अगदी फक्कड निघतात. म्हणजे कोणीतरी मुद्दाम करतंय. शनिवारी बडी गिऱ्हाइकं येणार आहेत. त्यांना मला सांगावंच लागेल, की भानगड याने केली आणि याला मी काढला. तोवर तुम्हाला दुसरं काही सापडलं तर बघा. माझंही त्याच्याशी वैर नाही हो! माझ्या वडलांच्या वेळचा माणूस आहे तो."

"आणि नाही सापडलं तर?"

मालकांनी बुटावरचं पाणी झटकलं. "तर पाणीघाल्या म्हणून जाईल," ते म्हणाले. "आज बुधवार आहे."

२

मिठवणीच्या खोलीत दादा टाक्या पुसत होता. खोली अशी लख्ख, की पाय ठेवताना आपलीच लाज वाटावी. टाकी, झाकणं, नळ, दाराच्या मुठी, सगळं झळाळत होतं. टाकीच्या पोटात बघून दादा विस्कटलेला केस बसवायचा ही त्याची जुनी सवय. आई म्हणायची, भांडं घासलं म्हणजे त्यात तोंड दिसलं पाहिजे. धाकटीने ते कधीच मनावर घेतलं नाही, दादाने मात्र जन्मभर पाळलं.

"दादा, खरं सांग. मिठवणी जास्त जाते का?"

"तूसुद्धा?"

"अरे, विचारायला नको का मी?"

"विचार. सगळे विचारतात. तू पण विचार." त्याने फडका पिळला. "या कारखान्यात जे जे चमकतं ते माझ्या हातचं आहे. सगळी आवराआवर माझ्याकडे. मागच्या बाजूचं ते गंजकं दार आठवतं? त्याला काही महिन्यांपूर्वी पोलादी पत्रा मीच मारून घेतला, मालकांच्या मागे लागून. रोज संध्याकाळी व्हिनेगर लावून कोरडा पुसतो. दुसरं कोणी पुसेल? पाण्याची पिचकारी मारली की झालं यांचं. आणि शेवटी मला काय मिळालं, तर पाणीघाल्या."

"ते सगळं ठीक आहे रे. पण यंत्राचा दाब कोणी बदलतं का? चावी कोणाकडे असते?"

"माझ्याकडे."

"मिठाचं प्रमाण?"

"मीच काढतो."

"तुझ्या मागे कोणी खोलीत येतं?"

"नाही. कुलूप असतं."

धाकटीला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. भावाला वाचवायला आली होती, आणि भाऊ एकेका उत्तराने स्वतःच्याच गळ्याभोवती दोरी आवळत होता, तीही नीट घडी घालून.

"दादा, जरा स्वतःच्या बाजूने बोल ना!"

"खोटं बोलू?"

ती तडक शीतगृहात गेली आणि लटकत्या मांसातून एक फिकट दिसणारी कच्ची मांडी मागून घेतली. मिठवणीचा थेंबही तिला लागला नव्हता. तिचा एक तुकडा कापून तिने जाळीत बांधला, जाळी पिशवीत टांगली, पिशवीचं तोंड बांधलं आणि थंड कपाटात ठेवून दिली. कपाटाची किल्ली तिने मालकांच्याच हातात दिली.

सकाळी पिशवीच्या तळाशी काय असेल, त्यावर सगळं अवलंबून होतं.

३

गुरुवारी सकाळी पिशवीच्या तळाशी गुलाबी पाण्याचं थारोळं होतं.

"बघा," धाकटी मालकांना म्हणाली. "या मांसाला मिठवणी लागलेली नाही, तरी पाणी सोडतंय. स्वतःचंच पाणी ज्याला धरवत नाही, ते दादाची मिठवणी काय धरणार? मांसच बिघडलेलं येतंय."

मालक क्षणभर वरमले. पण त्यांच्या शेजारी प्रयोगशाळेचे साहेब उभे होते. त्यांना सगळे आकडेसाहेब म्हणत, कारण त्यांच्याशी कशाबद्दलही बोला, उत्तर आकड्यातच यायचं.

"मांस बिघडलेलं असणं शक्य नाही," आकडेसाहेब म्हणाले. "मी रोज सकाळी आम्लता मोजतो. मेल्यावर स्नायूतली साखर जळते, तिचं आम्ल होतं, मांस थोडं आंबतं. जितकं आंबायला हवं तितकंच आंबलेलं असतं. एकूण एक मांडी. पुस्तकात छापावी अशी."

"फिकट मांड्यासुद्धा?"

"फिकट, लाल, सगळ्या. फरक नाही."

"तुम्ही मोजता ते सकाळी. म्हणजे दुसऱ्या दिवशी."

"मग कधी मोजू? थंड झाल्याशिवाय नीट आकडा येतो का? आणि डुकरांच्या वंशातला दोष म्हणाल, तर घाबरट जातीची तपासणी करूनच पैदास करणाऱ्याकडून माल घेतो. सगळा माल एकाच गोठ्यातला. तोही निर्दोष."

धाकटीला हसावं की रडावं कळेना. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं तिने कॉलेजात पुष्कळ पाहिली होती, पण हा उंटावरून खाली उतरायलाच तयार नव्हता. तरी त्याचं बोलणं तिच्या डोक्यात कुसळासारखं रुतून बसलं. आकडा सारखा, आणि मांस मात्र वेगळं. असं कसं?

मालकांनी घसा खाकरला. "आणि बाई, एक गोष्ट मी काल बोललो नव्हतो. तुमच्या वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तुमचा दादा रजेवर होता. चांगली मोठी रजा. त्या दिवसांत हॅम कशी निघाली माहीत आहे?"

"कशी?"

"एकही गळालं नाही. तो परत आला, आणि पुन्हा गळायला लागली. आता बोला."

पिशवीतलं गुलाबी पाणी तिने तसंच हातात धरून ठेवलं होतं.

४

चहाच्या खोलीत ती शीतगृहवाल्याशेजारी जाऊन बसली. त्याचं नाव गारव्या पडलं होतं. भर उन्हातही तो अंगात स्वेटर घालून फिरायचा आणि कोणी हसलं की म्हणायचा, तुम्ही राहा आठ तास आत, मग बघू.

समोर हाक्या बसला होता. त्याचं काम आवारातली डुकरं हाकत बोळातून आत न्यायचं. गडी आडदांड, पण घसा पार बसलेला. कोमट पाण्याचा घोट घ्यायचा, गोळी चघळायचा, आणि काही हवं असलं की खुणा करायचा.

"सर्दी?" धाकटीने विचारलं.

हाक्याने हात हलवला आणि उठून गेला.

"त्याचं असंच," गारव्या म्हणाला. "बायकोने भांडणात हरवला की घसा बसतो, असं आम्ही म्हणतो. पण दादा रजेवर होते ना, तेव्हा हा पठ्ठ्या गाणी म्हणत फिरत होता बघा! दोघांचं जमत नाही. दाराला शिंतोडे उडवतो म्हणून दादा खेकसतात, आणि हा तोंड फिरवतो. तशी भेट होते ती इथेच, चहाला. जिवंत बाजूची माणसं आमच्या बाजूला येत नाहीत, आमची तिकडे जात नाहीत. स्वच्छतेचा नियम. एकटे दादा संध्याकाळी तिकडे पाहणीला जातात, तेही आवार रिकामं झाल्यावर. मग अंघोळ आणि घर."

धाकटीच्या मनात संशयाची पाल चुकचुकली. दादावर डूख धरणारा माणूस, आणि दादा नसताना गाणारा! पण हाक्याचा हात मिठवणीपर्यंत पोचत नव्हता, मांडीपर्यंतही नाही. सूड उगवायचा तर कशातून?

"बिघडलेल्या मांड्या कुठे लटकलेल्या असतात, लक्षात येतं का तुमच्या?"

"न यायला काय झालं! पार आतल्या भिंतीशी, पंख्याच्या तोंडावर. आकडेसाहेब म्हणाले, तुझा पंखा बिघडलाय. म्हटलं, हात लावून बघा, बोटं पडतील. सगळ्यात जास्त गार तीच जागा."

धाकटीने कप खाली ठेवला. मांस लवकर गार झालं की चांगलं राहतं, हे तर पहिल्या वर्षाचा पोरगाही सांगेल. मग सगळ्यात गार जागीच ते बिघडतं कसं?

"त्या भिंतीशी कोणती लागतात?"

"जी आधी येतात ती. रूळ आहे ना वरती. दिवसाची पहिली आत सरकतात, मागची दाराशी राहतात."

म्हणजे जागेचा प्रश्नच नव्हता, वेळेचा होता. दिवसाची पहिली डुकरं बिघडत होती, नंतरची नाही. ट्रक तोच, गोठा तोच, सुरी तीच.

"अजून एक," ती म्हणाली. "दादा रजेवर गेल्या गेल्या हॅम सुधारली का?"

गारव्याने मान खाजवली. परत आलेली खोकी त्याच्याच दाराशी उतरायची, म्हणून त्याला ते आठवत होतं. "छे! सुरुवातीची गळालीच की. दादांच्या हाताखालच्याने भरली होती ती. मालक म्हणाले, दादाचीच जुनी मिठवणी उरली असेल. मग पुढची सगळी झकास."

"आणि दादा परत आल्यावर?"

"आल्या आल्या तर चांगलीच होती. दादांनी स्वतः भरलेली. एकदोन दिवसांनी पुन्हा गळती सुरू."

धाकटी उठली ती बाहेर जाऊन पायरीवर बसली. तिने पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं, आणि दर वेळी तेच निघालं. हाताखालच्याने भरलेली गळाली आणि दादाने भरलेली टिकली, म्हणजे मिठवणीचा संबंध नाही, हे तर सिद्धच झालं. तिने आनंदाने उडी मारायला हवी होती. पण बिघाड दादाच्या मागेमागेच चालत होता, फक्त थोडा उशिराने. तो गेल्यावर उशिराने थांबला, आला तेव्हा उशिराने सुरू झाला. मांस मिठवणीला येतं ते मारल्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे कारण त्याच्याही आधीचं, जिवंत बाजूचं होतं, आणि तरी ते दादाचंच होतं.

दादा तिकडे करत काय होता?

५

शुक्रवारी सकाळी ती मालकांच्या परवानगीने जिवंत बाजूला गेली. हातात आम्लता मोजायची सुई. पहिलं डुक्कर रुळावर येऊन पाऊण तास झाला असेल, तोच तिने मांडीत सुई खुपसली. मांडी अजून चहाच्या कपासारखी ऊन होती, आणि आकडा पाहून ती जागीच थबकली. रात्रभर सावकाश आंबून सकाळी जिथे पोचायचं, तिथे हे मांस आत्ताच येऊन टेकलं होतं. दुसऱ्यातही तेच.

आकडेसाहेब खोटं बोलत नव्हते. त्यांच्या आकड्याला सकाळी सगळी सारखीच दिसणार. कोण धावत आलं आणि कोण चालत आलं, हे मुक्कामावर बसलेल्याला कसं कळणार?

धावत! तिने सुई खिशात टाकली आणि बोळाकडे वळली.

दोन भिंतींमधला अरुंद बोळ, टोकाला पोलादी पत्र्याचं सरकतं दार. डुकरं ओळीने यायची, आणि दारापासून थोड्या अंतरावर पहिलंच असं अडायचं की मागची त्याच्यावर चढायची. किंकाळ्या, धडका, मागे वळायची झोंबाझोंबी. हाक्या फळी आपटत, ओरडत, रेटत त्यांना पुढे ढकलत होता. ओरडत कसला, घशातून नुसती वाफ निघत होती.

"रोज असं?" तिने विचारलं.

"सकाळी," हाक्या घोगऱ्या कुजबुजीत म्हणाला. "सकाळची अडतातच. मागाहून येतात शहाणी होऊन. विजेची काठी मालकांनी बंद केली, मग घसाच वापरायचा."

"कोणाला सांगितलं का नाही?"

"कोणी विचारलं? वर म्हणणार, तुला हाकता येत नाही. माझीच नोकरी जायची."

"आणि दादा रजेवर होते तेव्हा?"

हाक्या आठवून चमकला. "तेव्हा... तेव्हा सकाळचीही सरळ जायची."

धाकटीने दाराकडे पाहिलं. दार म्हणजे नुसतं दार. मग तिने साडी आवरली आणि सगळ्यांसमोर बोळात उकिडवी बसली, डुकराच्या डोळ्याइतकी खाली. कोणीतरी हसलं. समोर वरच्या दिव्याचा झगझगीत गोळा उलटा येऊन तिच्या डोळ्यात घुसला, आणि त्याच्या खाली, अंगावर चालून येणारं एक तोंड होतं. ते तिचंच होतं.

जरा वेळ गेला. डुकरांची ये-जा होत राहिली, चिखलाचे शिंतोडे उडाले, वाफ बसली, पत्रा हळूहळू मळला. आणि हाक्या म्हणाला तसंच झालं. डुकरं एकामागून एक, जरा हुंगत, सरळ आत गेली. त्यातल्या एकाला तिने नंतर सुई लावली तर आम्लता जेमतेम सुरू झालेली.

"एक फडका द्या," ती म्हणाली. "कोरडा."

तिने दार स्वतःच्या हाताने चकाचक पुसलं. पुढचं डुक्कर आलं, अडलं, किंचाळलं. मग तिने दारावर गोणपाट टांगलं. तेच डुक्कर आत गेलं, आणि मागची निमूट त्याच्या मागे.

हाक्याने कपाळावर हात मारून घेतला. "आयला! म्हणजे दार?"

"दार," धाकटी म्हणाली. तिच्या हातात फडका होता, आणि व्हिनेगरचा वास तिला आत्ता कुठे जाणवला. कोडं सुटलं होतं, आणि तिला रडायला येत होतं. कोणी अट्टल लबाड सापडला असता तर किती बरं झालं असतं.

६

घरी वहिनीने ताटं वाढली होती. धाकटीने दादासमोर बसून आधी सोपं ते सांगितलं.

"दादा, मिठवणी निर्दोष आहे. तू लबाड नाहीस. हे मी उद्या मालकांसमोर सिद्ध करीन."

दादाने पहिल्यांदा मान वर केली. वहिनीने डोळ्याला पदर लावला.

"मग कोण?"

"दुधाचं बघ. कोमट दुधाला विरजण लावून रात्रभर ठेवलं तर ते सावकाश आंबतं. दही लागतं, घट्ट, पाणी पोटात धरून. तेच दूध उकळतं असताना आंबट पिळ, काय होईल?"

"नासेल. चोथा वेगळा, पाणी वेगळं."

"आंबट दोन्ही सारखंच. मांसाचंही तसंच. मेल्यावर त्याने थंड होत होत, सावकाश आंबायचं असतं. पण मरायच्या आधी डुक्कर घाबरलं, झटापट केली, की स्नायूतली साखर भराभर पेटते. अंग ऊन असतानाच मांस आंबतं. ऊन आणि आंबट एकत्र आलं की स्नायूतले प्रथिनांचे धागे नासतात, आखडतात, पाणी सोडून देतात. मग तू कितीही मापात मिठवणी भर, ती राहणार नाही. गारव्याचा पंखाही पुरणार नाही, कारण गार व्हायच्या आधीच सगळं होऊन गेलेलं असतं."

"मग घाबरवतं कोण? हाक्या?"

धाकटीने ताट जरा बाजूला सारलं. नुसतं 'दार' म्हणून थांबता आलं असतं. मालकांनाही तेवढं पुरलं असतं. पण समोर दादा होता, आणि तो परवाच म्हणाला होता, खोटं बोलू?

"दिवसाची पहिलीच बिघडतात," ती म्हणाली, "कारण तेव्हा दार स्वच्छ असतं. नंतर ते मळतं आणि डुकरं नीट जातात. तू रजेवर गेलास, दार कोणी पुसलं नाही, सकाळचीही नीट गेली. दारात त्यांना दिवा दिसतो रे, आणि स्वतःचं तोंड. अंगावर येणारं दुसरं डुक्कर वाटतं त्यांना."

दादाचा घास हातातच राहिला. त्याने त्या दारासमोर जिवंत डुक्कर कधी पाहिलंच नव्हतं. तो जायचा तेव्हा बोळ रिकामा असायचा, आणि दारात फक्त तो दिसायचा.

"म्हणजे मीच," तो म्हणाला.

"चुकून, दादा."

"चुकून तर चुकून. मीच ना?"

"इतकं काही सांगायची गरज नाही हो उद्या," वहिनी घाईने म्हणाली. "दार वाईट म्हणायचं. दाराची काय अब्रू जाते?"

"आणि त्या हाक्याचा घसा?" दादाने हात धुतला. "त्याच्यावर मी खेकसायचो, शिंतोडे उडवतो म्हणून. ते शिंतोडेच कारखाना वाचवत होते." तो थोडा वेळ स्वतःच्या ओल्या हातांकडे पाहत राहिला. मग परत पाटावर बसला आणि म्हणाला, "भात वाढ." कित्येक दिवसांनी त्याने भात मागून घेतला होता.

शनिवारी गिऱ्हाइकं यायच्या आधी त्याने मालकांना सगळं सांगितलं, हाक्या, गारव्या आणि आकडेसाहेब यांच्यादेखत. धाकटीने आकडे मांडले आणि आदल्या दिवशी गोणपाट टांगल्यावर आत गेलेल्या डुकराच्या मांडीचा तुकडा पिशवीसकट पुढे ठेवला. रात्रभर टांगून पिशवी कोरडी होती. आकडेसाहेबांनी पिशवी उलटी करून झटकली, दोनदा झटकली, आणि म्हणाले की उद्यापासून ऊन असतानाही मोजू. मालक खुर्चीतून उठून दादासमोर आले.

"मी तुला पाणीघाल्या म्हटलं," ते म्हणाले.

"म्हटलंत," दादा म्हणाला. "खरखरीत कागद कुठे मिळेल?"

धाकटी तिकडे गेली तेव्हा दादा बोळात गुडघे टेकून बसला होता आणि सगळ्या ताकदीने पत्रा घासत होता. इतकी वर्षं ज्या हातांनी चमक आणली तेच हात आता ती खरवडून काढत होते. गोलगोल ओरखड्यांनी दार हळूहळू राखेसारखं मंद होत चाललं होतं. हाक्या त्याच्यामागे उकिडवा बसून, डोकं खाली घालून, डुकराच्या उंचीवरून बघत होता.

"दादा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "इथे अजून दिसतंय."

"काय दिसतंय?"

"तुमचं कपाळ."

दादाने पुढे वाकून तेवढी जागा शोधली आणि पुन्हा घासायला घेतली. धाकटीने कागदाचा दुसरा तुकडा उचलला आणि त्याच्याशेजारी बसली.